बाळ्यास, ताईकडून

समस्त ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीकर बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत एकमेकांच्या लग्नांत, मुंजींत आणि वास्तुशांतींत नावं घालून दिलेली ताटं, वाट्या, तांबे आणि पराती सध्या माझ्या ताब्यात आहेत. कोणी कोणाला काय दिलं आणि घेणाऱ्याने ते किती वर्षं सांभाळलं, याची सविस्तर माहिती मला आहे. तरी कोणीही घाबरून जाऊ नये. मी कुठे तोंड उघडत नाही. फक्त दिवाळी अंकात लिहिते.

मी डोंबिवली पूर्वेतल्या एका छोट्या संस्थेत काम करते. ठाण्याच्या कचेरीतली बैठी नोकरी वेळेआधी सोडली, तेव्हा घरी सगळ्यांना वाटलं की आता ही भजनी मंडळात जाईल. मी गेले टाकाऊ वस्तूंच्या मंडळात. नवरा म्हणाला, "लोक निवृत्तीनंतर अडगळ कमी करतात, तू दुसऱ्यांची पण घरी आणणार." तसं काही झालं नाही. घरी फक्त चांगली चांगली अडगळ आणली.

बाहेरच्या माणसाला आमचं काम दोन वाक्यांत सांगता येतं. महिन्यातून एका रविवारी आमचा टेम्पो ठरलेल्या सोसायट्यांच्या फाटकाशी उभा राहतो आणि लोक प्लास्टिक, जुने कपडे, बंद पडलेले मिक्सर, वायरींची भेंडोळी, भांडी असं सगळं आणून देतात. मग गोदामात आम्ही त्याचे तीन ढीग लावतो: वापरण्याजोगं, दुरुस्तीजोगं आणि मोड. मोड म्हणजे जे वितळवायला किंवा दळायला जातं. बाकी सगळं शास्त्र म्हणजे कुठली वस्तू कुठल्या ढिगात टाकायची, एवढंच. आणि तिथेच माणूस चुकतो.

शिवाय मी सोसायट्यांमध्ये जाऊन भाषणं करते. हातवारे, आवाजाचे चढउतार, सगळं असतं. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, पिशवीलाच लटकता ठेवायचा, कारण तो सुटा तुकडा कुठल्याही चाळणीत सापडत नाही, थेट गटारात जातो, हा माझा गाजलेला प्रवेश. रामनगरातल्या एका आजी तो पहिल्या रांगेत बसून ऐकून गेल्या आणि बऱ्याच महिन्यांनी लोणच्याची बरणी घेऊन गोदामात आल्या. बरणीत गळ्यापर्यंत पिशव्यांचे कोपरे.

"तुम्ही म्हणालात, गटारात जाता कामा नये. एक नाही गेला."

"आजी, पण तोडायचाच नाही, असं म्हटलेलं मी."

"ते नंतर म्हणाला असाल. मी मधेच उठले. कुकर लावायचा होता."

ती बरणी मी अजून भाषणाला नेते. माझ्यापेक्षा तिला टाळ्या जास्त पडतात.

दुसरे माजिवड्याच्या एका टॉवरमधले गृहस्थ. त्यांनी व्यायामाची सायकल दिली, स्वतः टेम्पोत चढवून दिली, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा हजर. काही द्यायला नाही. विचारायला.

"ती सायकल कोणी नेली का हो?"

"नेली. एका कुटुंबाने."

"चालवतात का?"

मी चौकशी करून सांगितलं की सध्या तिच्यावर टॉवेल वाळत घालतात. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी विसरणार नाही. "म्हणजे माझ्यात दोष नव्हता," असं म्हणून निघून गेले.

तर या असल्या माणसांनी मला इतकी वर्षं तरुण ठेवलंय. पण आज मला सांगायचंय ते ताटांबद्दल.

आपल्याकडे कार्य म्हटलं की थर्माकोलच्या किंवा चकाकत्या कागदाच्या पत्रावळ्या आल्या. जेवण अर्ध्या तासात संपतं आणि पत्रावळ्या उरतात. म्हणून आम्ही स्टीलची भांडी वापरायला देतो. आणायची, जेवायचं, धुऊन परत करायची. ही भांडी आम्ही विकत घेतलेली नाहीत. डोंबिवलीत जुन्या इमारती पाडायला काढल्या की घरांचे माळे रिकामे होतात. माळ्यावर काय असतं? आहेर. नव्या घरांना माळा नसतो, त्यामुळे तो आहेर आमच्याकडे येतो.

आणि आहेर म्हटला की नाव आलं. भांड्यांच्या दुकानात ते यंत्र असायचं, किर्र आवाज करत टिंबाटिंबांनी अक्षरं उठवणारं. 'चि. सौ. कां. निर्मला हिस मामांकडून.' 'कै. दादांच्या स्मरणार्थ.' एका वाटीवर तर चक्क 'सूनबाईस, जपून वापरणे' असं लिहिलंय. देणाऱ्या सासूबाईंचं दर्शन घडलं नाही, ही माझी मोठी खंत.

गोदामाचे प्रमुख परबकाका. त्यांनी तीस वर्षं एका कारखान्यात माल तपासायचं काम केलंय. ताट एका बोटावर तोलून ते नखाने टिचकी मारतात. आवाज लांबला तर ताट ठेवायचं, लगेच बसला तर मोडीत. माणसांचीही ते अशीच पारख करत असावेत असा मला संशय आहे. त्यांचं आणि माझं एकाच गोष्टीवरून वाजायचं.

"बाई, ही नावं घासून टाकूया. विठ्ठलवाडीला माझा एक पॉलिशवाला आहे. दोन दिवसांत सगळी कोरी करून देईल."

"काका, नाव गेलं की ताटात राहिलं काय?"

"ताट राहिलं. तेच पाहिजे ना? एक दिवस कोणीतरी आपलं ताट ओळखेल, मग तुम्ही निस्तरा."

"एवढ्या मोठ्या गावात कोण ओळखतंय."

हे माझं वाक्य लक्षात ठेवा.

मला नावं हवी होती, कारण मी त्यांच्याशी खेळायचे. कोणतं ताट कुठल्या कार्याला धाडायचं हे माझ्या हातात. बारसं असेल तर पाळण्याच्या प्रसंगाची ताटं. एकसष्टी असेल तर 'स्मरणार्थ' वगळून. एका सासूबाईंच्या पंचाहत्तरीला ती 'जपून वापरणे'ची वाटी मी त्यांच्या सुनेच्या ताटात ठेवली आणि खांबाआड उभी राहून बघितलं. सून इतकी हसली की तिला ठसका लागला. या असल्या आनंदासाठी माणूस नोकरी सोडतो.

या सगळ्या साठ्यात माझी लाडकी होती बारा ताटं. जाडजूड, वळवलेल्या काठाची, काकांच्या टिचकीला घंटेसारखी वाजणारी. एका पावसाळ्यात टेम्पोतून भिजलेल्या गोणीत आली होती. कोणी दिली, ते गाडीवरच्या कोणाला आठवत नव्हतं. बाराही ताटांच्या काठावर एकच ओळ: 'बाळ्यास, ताईकडून'. आडनाव नाही, तारीख नाही, प्रसंग नाही. आणि एक गंमत, बारा ताटांवरचं अक्षर बारा तऱ्हांचं. कुठे बाळ्या सरळ, कुठे तिरका, एका ताटावर 'ताईकडून'चा उकार काठाबाहेर गेलेला. एकदम घेतलेल्या भांड्यांवर असं होत नाही. हे का, ते मला कधी कळलं नाही. पण बाळ्या माझ्या डोळ्यांसमोर स्पष्ट होता. गुटगुटीत, अर्धी चड्डी, हातात लाडू.

एका साखरपुड्यासाठी आमच्याकडे मागणी आली. मृण्मयी नावाची मुलगी, तिने घरी बजावलं होतं की माझ्या कार्यात एकही फेकायची वस्तू दिसता कामा नये. ताटं ठरवायला तिचे वडील आले. विलासराव. साठीजवळ आलेले, जाड मिशा, खिशाला दोन पेनं, मोजकं बोलणारे. आमच्या गोदामात मात्र मोजकी बोलणारी माणसंही का कोण जाणे बोलू लागतात. जुन्या वस्तूंचा तो गुण असावा. निघता निघता ते दारातच घुटमळले.

"एक विनंती होती. माझी थोरली बहीण येणार आहे. टिटवाळ्याला असते. सहा वर्षं आमचं बोलणं नाही."

मी चहा मागवला.

त्यांनी सांगितलं ते एवढंच. राहती इमारत पाडून नवी व्हायची होती. जागा वडिलांच्या नावावर, त्यामुळे बहिणीची सही हवी. विलासरावांनी कागद एजंटाच्या हाती टिटवाळ्याला पाठवला. बहिणीने उभ्या उभ्या सही केली. पैसा मागितला नाही, वाटा मागितला नाही. पण त्यानंतर फोन नाही, राखी नाही, भाऊबीज नाही.

"स्वतः जायला हवं होतं," ते म्हणाले. "आता मुलगी जाऊन बोलावून आलीय. येते म्हणालीय ताई. तिच्या पंगतीला जरा बरी ताटं लावा. पोचे आलेली नकोत. तिला भांड्यांचं फार कळतं."

आता सांगा, मी कोणती ताटं काढली असतील?

काकांनी क्रेट भरताना मला विचारलं, "बाळ्याची बारा देताय? मोठी माणसं आहेत वाटतं."

"काका, सहा वर्षांनी बहीण येतेय भावाकडे. आपल्याकडचं सगळ्यात चांगलं जायला पाहिजे."

"नाव आहे त्याच्यावर," काका म्हणाले. नेहमीप्रमाणे म्हणाले, मी नेहमीप्रमाणे ऐकलं नाही.

भांडी गेली की आमच्यापैकी दोघं कार्याला थांबतात. उष्टं वेगळं, ताटं वेगळी, हे कोणी बघितलं नाही तर ताटं उष्ट्यासकट पोत्यात जातात आणि चमचे थेट डोंबिवलीच्या मातीत. त्या दिवशी काका मागे धुण्याच्या जागेपाशी आणि मी पंगतीवर. हॉल भरलेला. मधल्या टेबलावर व्याही मंडळी आणि त्यांच्यात, पाठ ताठ करून, टिटवाळ्याच्या ताई. सत्तरीच्या, जरीकाठी साडी, चेहऱ्यावर पाहुण्याचं हसू. भावाला त्यांनी दारात नुसती मान हलवून नमस्कार केला होता. विलासरावांनी त्या मानेचा अर्थ काढण्यात सकाळ घालवली असावी.

मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढून झाली. ताईंनी, त्यांच्या पिढीच्या कुठल्याही बाईने केलं असतं ते केलं. ताट जरासं फिरवून काठावरचं नाव वाचलं.

मग शेजारच्या विहीणबाईंच्या ताटावरचं वाचलं. मग पलीकडचं.

हात मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. विहीणबाईंनीही वाचलं. "अगंबाई, सगळीकडे बाळ्याच. कोण हो हा बाळ्या?"

मी नेमकी तिथे. कोणीतरी माझ्या ताटांबद्दल विचारतंय, एवढंच मला ऐकू आलं. मग काय, माझ्या अंगात संचारलं.

"हा बाळ्या माझा फार लाडका आहे," मी म्हटलं. "लोक घरं रिकामी करतात ना, तेव्हा अशी भांडी टाकून देतात. आम्ही ती जपतो."

"टाकून देतात?" ताईंनी विचारलं.

"अहो, ही तर गोणीत आली होती. पावसात भिजलेली गोणी. वर फाटकी चप्पल होती."

"चप्पल," ताई म्हणाल्या.

"एकच," मी म्हटलं. खरं तेच सांगायची सवय.

तेवढ्यात विलासराव जिलब्यांचं ताट घेऊन आग्रह करायला त्या टेबलाशी आले. ताईंनी मान वर केली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा भावाला हाक मारली.

"बाळ्या."

त्या जाड मिशांचा, दोन पेनांचा माणूस जागच्या जागी थांबला. त्याने ताईंकडे बघितलं, मग ताटाकडे, मग माझ्याकडे. माझ्या डोळ्यांपुढचा गुटगुटीत मुलगा अर्ध्या चड्डीसकट नाहीसा झाला. आणि माझ्या डोक्यात जे पहिलं आलं ते खोटं होतं.

"म्हणजे... यांनीच सांगितलेलं," मी म्हटलं. "ताईंची ताटं ताईंच्याच पंगतीला लावा म्हणून."

"आत्ता तर गोणीत म्हणालात," ताई म्हणाल्या.

"खोटं बोलतायत त्या," विलासराव म्हणाले. "माझ्यासाठी. मी दिली ताई. मीच. घर सोडताना गाडीवाल्यांकडे दिली."

"का रे? जड झाली?"

आजूबाजूची चार टेबलं जेवायची थांबली होती. विहीणबाईंच्या हातातली कोशिंबीर तशीच. मृण्मयी उठून जवळ यायला लागली, तिला मी हातानेच थांबवलं. त्या दिवशी मी केलेली ती एकच शहाणपणाची गोष्ट.

"रोज जेवायला बसलो की समोर तुझं नाव," विलासराव म्हणाले. "तू बोलत नव्हतीस. घास उतरायचा नाही. कोणाला देऊन टाकायची तर कोणाला देणार? वाटलं, वितळवून टाकतील."

"कागद घेऊन तू आला असतास तर..."

"लाज वाटली गं. आपलंच घर पाडायला तुझी सही मागायची. तोंड नव्हतं, म्हणून माणूस पाठवला."

ताई ताटाच्या काठावरून अंगठा फिरवत राहिल्या. मग विहीणबाईंना, जणू तिथे दुसरं काही चाललंच नाही अशा सुरात, म्हणाल्या, "ब्लाउज शिवायचे मी. याचं लग्न ठरलं तेव्हा एकदम बारा घेणं झेपत नव्हतं. दर महिन्याला एक घेतलं. दुकानात नाव घालायला दर खेपेला वेगळा माणूस असायचा. एकाने तर उकार पार बाहेर काढून ठेवला, मी भांडले होते त्याच्याशी."

बारा तऱ्हांचं अक्षर. इतकी वर्षं ते ताट माझ्या हातात होतं आणि त्याची गोष्ट टिटवाळ्याला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता माझी पाळी. पण त्यांनी विचारलं, "तुम्ही का नाही वितळवलीत?"

उत्तर काकांनी दिलं. ते कधी मागून आले होते, मला कळलं नाही. हात ओले, खांद्यावर पंचा. "टिचकी मारून बघा ना," ते म्हणाले. "अशी ताटं मोडीत कोण टाकेल?"

ताईंनी खरंच टिचकी मारली. मिठाचे दोन दाणे उडाले. आवाज लांबला.

"आणि कोण कोण जेवलं यांच्यात?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी इतकी वर्षं याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यामुळे मी सगळं सांगितलं. कल्याणच्या एका मास्तरांची एकसष्टी, त्यात त्यांचे विद्यार्थी वाढायला होते. विठ्ठलवाडीचं रक्तदान शिबिर, तिथे रक्त देऊन आलेल्यांना याच ताटांत शिरा दिला. आमच्या गल्लीचा रस्ता करणाऱ्या मजुरांना सोसायटीने एक दिवस जेवण दिलं, ते. खाडीकडच्या गावातली एक हळद, तिथे माणसं इतकी की एकेक ताट तीनदा धुतलं. "आणि टिटवाळ्याला," मी म्हटलं, "स्टेशनपासून जवळच, एक बारसं."

"कोणाचं?"

मी इमारत सांगितली. ताईंचा अंगठा काठावर थांबला. ती त्यांच्या मागचीच इमारत होती.

पुढे काय झालं ते मी आधीच सांगून टाकते, कारण पडदा कुठे पाडायचा हे मी ठरवलेलं आहे. ती बारा ताटं विलासरावांनी परत मागितली नाहीत आणि ताईंनी नेली नाहीत. ती आमच्याकडेच आहेत. मात्र ताईंची अट आहे, त्यांना कळवल्याशिवाय ती बाहेर धाडायची नाहीत. त्यामुळे महिन्यातून एकदा त्या टिटवाळ्याहून गोदामात येतात, काकांच्या शेजारी बसून टिचक्या मारतात आणि मोडीत टाकलेल्या निम्म्या वस्तू परत वापरण्याजोग्या ढिगात आणतात. येताना भावाकडे जेवून येतात. काकांनी पॉलिशवाल्याचं नाव पुन्हा काढलं नाही. आणि मी एक नवा नियम केला. नाव घातलेलं भांडं कोणी द्यायला आलं की मी आधी विचारते, "हे ज्यांनी दिलं, ते कुठे असतात? बोलता का त्यांच्याशी?" काही लोक चिडतात. काही लोक भांडं उचलून परत घेऊन जातात. आमचा साठा त्यामुळे कमी भरतो. भरू दे.

आधीच्या वर्षांत मी न विचारता काय काय मोडीत काढलं असेल, ते आठवलं की वाईट वाटतं. पण फार वेळ नाही. कारण त्या हॉलमध्ये, जिथे विहीणबाईंची कोशिंबीर हवेत होती आणि विलासराव जिलब्यांचं ताट धरून मान खाली घालून उभे होते, तिथे ताईंनी डोळ्याला पदर लावला, तो खाली घेतला, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अरे मेल्या, माझ्या ताटांत अख्खा कल्याण तालुका जेवून गेला आणि मी तेवढी राहिले. उभा काय राहिलायस, वाढ."